मर्लच्या रायफलीला मी बसवलेला दस्ता

मी, एल्डन रॉय प्रुइट, वय वर्षे एकाहत्तर, धंदा बंदूकदुरुस्ती, राहणार ड्राय फोर्क, मोन्टाना, हे माझं शेवटचं मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. फुफ्फुसं नाहीत. नाकात ऑक्सिजनची नळी आहे आणि दर चार ओळींनी थांबावं लागतं, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं आलं तर सांभाळून घ्यावं. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. दडपण आणण्याइतकं जवळचं कोणी उरलेलंही नाही. १९९८ साली मी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सगळं बायकोला, नोरीनला, आणि तिच्यामागून मुलाला, केसीला दिलं होतं. दोघंही माझ्याआधी गेली.

हे लिहायचं खरं कारण मालमत्ता नाही. माझा थोरला भाऊ मर्ल बारा वर्षं माझ्याशी बोलत नाही. त्याला एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि डॉक्टर म्हणतात की मी वसंतात पाडसं जन्मायच्या दिवसांपर्यंत टिकणार नाही. गेल्या दोन वर्षांत त्याला सात पत्रं पाठवली, सातही न फोडता परत आली. फोनवर माझा श्वास ऐकला की तो ठेवून देतो. हिवाळ्यात तो जिल्ह्याचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो. माझ्या फाटकापर्यंतचा रस्ता साफ करतो, फाटकाशी बर्फ ढकलायचं पातं उचलतो आणि वळून जातो. मी खिडकीतून हात करतो. तो बघत नाही.

ऑस्टबी वकील म्हणाले, "मृत्युपत्रात ज्याला काही ठेवलंय, त्याला त्याची प्रत द्यावीच लागते. मी स्वतः त्याच्या हातात देईन." म्हणून हा मार्ग. मर्ल, हे सगळं तुझ्यासाठी आहे. बाकीचं नको असेल तर सहावं कलम तेवढं वाच. फाडू नकोस. हात जोडतो, फाडू नकोस.

कलम १. माझं घर, मागचं वर्कशॉप आणि ओढ्यापर्यंतची जमीन माझा भाऊ मर्ल याला मिळावी. त्याला राहायचं नसेल तर जाळावं, पण आधी नावावर करून घ्यावं.

कलम २. माझी कुत्री बिस्किट शेजारीण वर्ना स्टकी हिला मिळावी. तशी ती आताही तिच्याकडेच असते, कारण वर्ना तिला सॉसेज भरवते आणि मग मला सांगते की कुत्री आपणहून आली. हे चोरीचं प्रकरण मी या कलमानं मिटवत आहे.

कलम ३. पलीकडचा ड्वाइट लोनर्गन यानं १९९१ साली कुंपणाचा कोपऱ्यातला खांब माझ्या हद्दीत सरकवला. तो खांब त्याला बक्षीस. मी रागानं कितीतरी वेळा पावलं मोजली, त्यात माझा जेवढा वेळ गेला तेवढी ती जमीनही नव्हती. केसीच्या अंत्यविधीला पाद्री म्हणाले होते की यामागे देवाची काहीतरी योजना असेल. त्यांना मी त्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर जे बोललो ते मागे घेतो. योजना देवाची नव्हती एवढं मात्र मला ठाऊक होतं, आणि मी ते त्यांना सांगितलं नाही.

कलम ४. लेथ, ड्रिल आणि सगळी हत्यारं गावच्या हायस्कूलच्या वर्कशॉपला द्यावीत. एक कानस सोडून. ती दहा इंची, सपाट, लाकडी मुठीची कानस सातव्या कलमातल्या पेटीत आहे. तिनं पुन्हा कोणी काही घासू नये.

कलम ५. नोरीननं घातलेल्या हकलबेरीच्या मुरंब्याच्या चार बरण्या तळघरात आहेत. ती जाऊन दोन वर्षं झाली, मला त्या उघडवल्या नाहीत. मर्लला तो मुरंबा आवडायचा. चारही त्याच्या.

कलम ६. आता ते.

२००६ च्या ऑक्टोबरात मर्लला त्याच्या रायफलीचा लाकडी दस्ता बदलून हवा होता. तो तेव्हा शिकाऱ्यांना डोंगरात घेऊन जायचा. ओल्या बर्फात लाकूड फुगतं आणि नेम सरकतो. मी बंदुकांच्या जत्रेत गेलो होतो, तिथं एकानं लष्करानं मोडीत काढलेले फायबरचे दस्ते पिंपात उभे करून ठेवले होते. त्यातला बरा, तपकिरी, मी उचलला. लष्करी रायफलीला सलग गोळ्या सोडायची एक जादा कळ असते, तिच्यासाठी दस्त्यात खाच असते. मर्लची रायफल साधी, चाप एकदा ओढला की एक गोळी सुटणारी. त्यामुळे त्या खाचेचं काम नव्हतं. केसीनं ती लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरली. तो सव्वीस वर्षांचा होता आणि माझ्याबरोबर वर्कशॉपमध्ये काम करायचा. भरून झाल्यावर आतल्या बाजूनं त्यानं ओल्या लांबीत अंगठा दाबला.

"हे काय रे?" मी म्हणालो.

"सही केली," तो म्हणाला. "आत कोण बघतंय?"

या जातीच्या रायफलीत दस्ता स्क्रूनं बसत नाही. वर नळी, खाली चापाचा संच, मधे दस्ता. चापाभोवतीची कडी दाबून बंद केली की तिघं एकमेकांना धरतात. कडी शेवटच्या बोटभर अंतरात अडली पाहिजे, तळहाताचा जोर दिल्यावरच बंद झाली पाहिजे. हे मी लोकांना तीस वर्षं सांगत आलो. मोडीतले दस्ते जाड असतात, आधी कडी बंदच होत नाही, म्हणून आतल्या दोन कडा कानशीनं थोड्या थोड्या घासायच्या आणि दर वेळी बसवून पाहायचं. हंगाम रविवारी उघडणार होता आणि हा शुक्रवार होता. मी दस्ता बसवला, कडी बरोब्बर अडली, मी तळहातानं ठोकून बंद केली. काम तिथं संपलं होतं.

मग मर्लनं स्वतः बंद करून बघितली. त्याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं लाकडाच्या आरागिरणीत गेलेली. त्याला जोर देता येईना.

"एल्डन, ही बंद करायला मला आधी माझी दोन बोटं शोधून आणावी लागतील," तो म्हणाला.

"मर्लकाका, मी आहे ना कॅम्पात," केसी म्हणाला. "मी बंद करून देत जाईन."

"तू आधी एखादी पोरगी गटव, मग माझी कडी बंद कर."

आम्ही तिघंही हसलो. केसीचं ऐकलं असतं तर तो आज एकोणचाळीस वर्षांचा असता. मी मात्र कानस उचलली. भावाला आपल्या बंदुकीसाठी कोणापुढे हात पसरायला लागू नये असं मला वाटलं. बाहेर सहा गिऱ्हाइकं ताटकळली होती. दोन हात मारायचे तिथं पाच-सहा मारले आणि मधे बसवून पाहिलं नाही. कागदाची दोन पानं जाड असतात तेवढं जास्त गेलं असेल. त्यानंतर कडी एका बोटानं बंद व्हायला लागली.

"हे बघ! याला म्हणतात भाऊ!" मर्ल म्हणाला आणि दोनदा उघडझाप करून दाखवली.

मला त्याच क्षणी कळलं होतं, मर्ल. ती ढिली होती. कडांवर पातळ पत्रा चिकटवून ती दुरुस्त झाली असती, दोन तासांचं काम. मी वर्कशॉपमागे तीन गोळ्या झाडून पाहिल्या. तिन्ही एकेक सुटल्या. मी मनात म्हणालो, हंगाम संपला की पत्रा घालू.

चापाचा संच ढिला असला की काय होतं ते वकिलांसाठी लिहितो. गोळी सुटली की धक्क्यानं रायफल मागे येते, पुन्हा पुढे जाते, आणि ढिला संच आतल्या आत हलतो. माणसाचं बोट जिथं आहे तिथंच असतं. चापच येऊन बोटावर आपटतो. दुसरी गोळी सुटते. माणसानं काहीही केलेलं नसतं.

रविवारी सकाळी मर्लनं गुडघ्यावर बसून एल्क हरीण टिपलं. केसी वर उजवीकडे खडकाआड बसला होता. पहिल्या गोळीबरोबर तो बघायला उठला. पहिल्या धक्क्यानं नळी वर आणि उजवीकडे गेली होती. दुसरी गोळी केसीला लागली. शोध-बचाव पथकाची माणसं त्याला चार मैल खांद्यावर घेऊन उतरली. रस्ता लागण्याआधीच तो गेला. निरोप मिळताच मीही वर धावलो होतो. मर्ल सगळ्या वाटेनं एकच वाक्य बोलत होता, "मी एकदाच ओढला. एल्डन, मी एकदाच ओढला."

त्या गोंधळात रायफल माझ्या गाडीत राहिली. शेरीफची माणसं ती दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होती. घरात नोरीन ओरडत होती. मी वर्कशॉपमध्ये गेलो, रायफल टेबलावर ठेवली आणि कडीला बोट लावलं. ती हलली. मी फायबरचा दस्ता काढला, मर्लचा जुना लाकडी दस्ता चढवला आणि फायबरचा फरशीखाली लपवला. बुद्धी फिरली होती असं म्हणणार नाही. मला कोणावर तरी संतापायचं होतं आणि तो कोणीतरी मी असलो तर मी जगू शकलो नसतो.

सरकारी तज्ज्ञानं लाकडी दस्त्यासकट चाळीस गोळ्या झाडल्या. एकही जोडीनं सुटली नाही. कोर्टात मर्ल म्हणाला की त्या दिवशी रायफलीला दुसरा दस्ता होता. मला विचारलं. मी शपथेवर म्हणालो, "तो बसला नाही म्हणून आधीच काढला होता. माझा भाऊ गोंधळलाय." मर्लनं माझ्याकडे बघितलं. नंतर त्यानं माझ्याकडे कधीच बघितलं नाही. दोन रिकाम्या पुंगळ्या आणि चांगली रायफल, याचा अर्थ चाप दोनदा ओढला, असं ठरलं. निष्काळजीपणानं जीव घेतल्याबद्दल त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. वाटाड्याचा परवाना गेला. बंदुकीला हात लावायचा हक्क जन्माचा गेला.

शेरीफकडे का गेलो नाहीस, असं कोणी विचारेल. नोरीन जिवंत होती. ती रोज मर्लला शिव्या घालून उठायची, त्या जोरावर स्वयंपाक करायची. तिला जर कळलं असतं की ज्याच्यावर संतापायचं तो शेजारच्या उशीवर आहे, तर तिचं काय झालं असतं, असं मी स्वतःला सांगायचो. हे निमित्त होतं. ती गेल्यावर निमित्त संपलं, तरी मी पत्रंच लिहीत बसलो. मी भित्रा आहे. दुसरा शब्द नाही.

कलम ७. फायबरचा दस्ता, ती कानस आणि मर्लची रायफल वर्कशॉपमधल्या हिरव्या लोखंडी पेटीत आहेत. खटला संपल्यावर रायफल घरच्या माणसाकडे म्हणून मलाच परत दिली होती, यावर हसायचं असेल तर हसा. दस्ता मी कितीदा शेगडीपर्यंत नेला. केसीचा अंगठा आत आहे, म्हणून जळाला नाही. ही पेटी आणि या कागदाची नक्कल ऑस्टबींनी माझ्या मरणाची वाट न बघता शेरीफ आणि कोर्टाकडे द्यावी. ते म्हणाले, "एल्डन, खोटी शपथ आहे ही. तुझ्यावर येईल." येऊ दे, येण्याइतका वेळ मिळाला तर उपकार होतील. तपासणाऱ्यानं माझ्या शब्दावर जाऊ नये. दस्ता बसवावा, कडी बंद करावी, एका बोटानं. मग गोळ्या झाडून बघाव्यात, तीनवर थांबू नये. मर्लचं नाव धुऊन निघालं पाहिजे. माझी याशिवाय दुसरी इच्छा नाही.

कलम ८. दफनभूमीत नोरीन आणि केसी यांच्यामधली जागा माझ्यासाठी घेतलेली आहे. मर्ल हो म्हणत नसेल तर मला तिथं पुरू नये. कुठंही टाकावं.

येथे मृत्युपत्र संपणार होतं. आज सह्या करायच्या म्हणून वर्ना दुपारी वर्कशॉपमध्ये आली. ती गावची पोस्टमास्तरीण होती, गेल्या उन्हाळ्यात निवृत्त झाली. माझ्या सातही पत्रांवर परतीचा शिक्का तिनंच मारलेला आहे. दुसरा साक्षीदार म्हणून ड्वाइट येणार होता. वर्नानं सगळं वाचलं, चष्मा काढला आणि बिस्किटचे कान चोळले.

"म्हणजे तू मेल्यावर हे त्याच्या हातात पडणार," ती म्हणाली. "आणि तू मात्र तेव्हा सुटलेला. छान सोय केलीस."

"तो माझ्या दारात येणार नाही, वर्ना."

"मी त्याला फोन केलाय मघाशी. अंगणातून. शिव्या द्यायच्यात? दे, पण ऑक्सिजन बघून दे."

मी काही बोलणार तोच बर्फाच्या ट्रकचा आवाज आला. फाटकाशी थांबेल म्हणून मी कान देऊन होतो. थांबला नाही. पातं खाली ठेवून तो सरळ वर्कशॉपच्या दारापर्यंत आला.

मर्ल आत आला. टोपी काढली नाही, बसला नाही. वर्नानं कॉफी विचारली, त्यानं नको म्हणून मान हलवली. तिनं कागद त्याच्या हातात दिले. तो उभ्यानं वाचत होता आणि मी माझ्या हातांकडे बघत होतो. सहावं कलम त्यानं दोनदा वाचलं.

"तू खोटं बोललास एवढं मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "का, ते कळत नव्हतं. वाटायचं, पोरगा गेलाय, डोकं फिरलंय. कुठाय तो दस्ता?"

मी पेटी उघडली. रायफल होती तिथंच राहिली. तिला त्यानं हात लावला नाही, लावता येत नाही. दस्ता त्यानं घेतला, उलटा केला, उजेडाकडे धरला आणि आतला अंगठा शोधून काढला.

"पॅरोलवाल्यांनी काय सांगितलं होतं, ठाऊकाय तुला?" तो म्हणाला. "चूक कबूल कर, मग सोडतो. म्हणून मी म्हणालो, हो, दोनदा ओढला. एकदा म्हणालो, मग दर वेळी म्हणायला लागलो. आता मला तसंच आठवतं, एल्डन. या बोटाला आठवतं. दुसऱ्यांदा ओढल्याचं. नऊ वर्षं झाली, मला वाटतंय मीच त्याला मारला."

"तू एकदाच ओढलास, मर्ल."

"आता सांगतोयस!" तो ओरडला. बिस्किट टेबलाखाली गेली. "आता आत कुठं घालू मी हे? तिथं दुसरंच भरून ठेवलंय ना!"

मी माफी मागितली, ती तो ऐकत होता की नाही मला कळलं नाही. मला वाटलं होतं की सत्य सांगितलं की त्याला त्याचं काहीतरी परत मिळेल. मी ते इतकी वर्षं ठेवून घेतलं की ते त्याच्या मापाचं राहिलेलं नाही.

मग तो वर्नाला म्हणाला, "साक्षीदार कोण कोण आहेत?"

"मी आणि ड्वाइट. तो अजून आला नाही."

"मी करतो."

"तुला करता येणार नाही, मर्ल. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं. घर जाईल तुझं."

"मग माझं नाव काढ," तो मला म्हणाला. "घर नको, मुरंबा नको. कोर्टात माझी साक्ष कोणी घेतली नाही. इथं घ्या."

त्याच्यासमोर मी कलम १ आणि ५ मधलं त्याचं नाव खोडलं. घर, वर्कशॉप आणि जमीन केसीला खांद्यावरून उतरवणाऱ्या शोध-बचाव पथकाला मिळावी. मुरंबा वर्नाला. आठव्या कलमाबद्दल मी विचारलं.

"तिथंच पुरा त्याला," तो वर्नाला म्हणाला. "केसीला जे विचारायचंय ते केसी विचारेल."

वरील खाडाखोड मी स्वतः, शुद्धीत, दोन्ही साक्षीदारांदेखत केली आहे. सगळं वाचून पाहिलं. खरं आहे.

ठिकाण: ड्राय फोर्क, मोन्टाना
दिनांक: ११ फेब्रुवारी २०१९

मृत्युपत्र करणार: एल्डन रॉय प्रुइट (सही)

साक्षीदार पहिली: एल्डन प्रुइट यांनी माझ्या उपस्थितीत, राजीखुशीनं सही केली. वर्ना जे. स्टकी (सही)

साक्षीदार दुसरा, स्वतःच्या हातानं: यानं माझ्यासमोर सही केली. एकदाच केली. मी नीट बघत होतो. मर्ल प्रुइट (सही)